हाड मोडलं म्हणून आणलं, मग न्यूमोनिया कुठून आला?

बाथरूममध्ये पाय घसरून आजी पडतात. खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं, आणि चौथ्या दिवशी डॉक्टर सांगतात, "छातीत इन्फेक्शन दिसतंय, न्यूमोनिया आहे." बाहेर बाकड्यावर बसलेल्या मुलाचा आणि सुनेचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आणलं तेव्हा छाती साफ होती. मग हा आला कुठून?" प्रश्न रास्त आहे. पण राउंडवर कोणाला वेळ नसतो, आणि 'इथेच झाला' असं स्वतःहून म्हणायची सहसा कोणाची तयारी नसते.

मग घरचे आपापली उत्तरं शोधतात. एसी फार गार होता. अंग पुसताना पाणी थंड होतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्रभर खोकत होता. हे तिसरं कधीकधी खरंही असतं. पण खाटेला खिळलेल्या माणसाला न्यूमोनिया होतो तो बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या तोंडातून आणि घशातून. एवढी एक गोष्ट नातेवाइकांना पहिल्या दिवशी कळली, तर पुढचा बराच त्रास टळू शकतो. मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. बेडक्याच्या डब्या रोज आमच्याकडे येतात, तेव्हा हे जरा आमच्या बाजूने सांगते.

आधी हिशेब स्पष्ट करू. दाखल झाल्यावर ४८ तासांनी किंवा त्यानंतर उद्भवलेला न्यूमोनिया रुग्णालयात झालेला धरतात. घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावल्यावर ४८ तासांनी झाला, तर डॉक्टर त्याला 'व्हॅप' म्हणतात. दाखल झाल्यावर ४८ तासांच्या आतच दिसला, तर तो घरूनच सोबत आलेला. ही रेघ कागदी वाटेल, पण तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे जंतू वेगळे असतात. घरी होणाऱ्या न्यूमोनियात न्यूमोकॉकस हा जुना नेहमीचा मानकरी, आणि बहुतेक वेळा तो साध्या औषधांना दबतो. रुग्णालयात क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनस आणि काही वेळा हट्टी स्टॅफिलोकॉकस सापडतात. यांच्यावर कोणतं औषध चालेल हे आधी सांगता येत नाही.

आता फुफ्फुसाकडे वळू. त्यात हवेचे कित्येक कोटी बारीक फुगे असतात. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर भरतील, म्हणजे आपल्या भाषेत साडेसातशे चौरस फूट कार्पेट. मुंबईत एवढ्यात दोन बेडरूमचा फ्लॅट होतो. रक्त आणि हवा यांच्यामध्ये इथे कागदाहूनही पातळ पडदा असतो, ऑक्सिजन त्यातूनच जातो. जंतू शिरले की त्यांच्यामागे पांढऱ्या पेशी धावतात, पाझर सुटतो आणि हे फुगे पू आणि पाण्याने भरतात. एक्स-रेत दिसणारा पांढरा डाग म्हणजे हाच भरलेला भाग. त्या खोल्या बंद झाल्या की उरलेल्या जागेत श्वास भागवावा लागतो, म्हणून माणूस धापा टाकतो.

झोपेत आपल्या सगळ्यांच्याच घशातली थोडी लाळ श्वासनळीत उतरते. तुमच्या आणि माझ्याही. तरी काही होत नाही. खोकला ती परत फेकतो, श्वासनळीच्या आतलं केसाळ अस्तर उरलेली वर ढकलतं, आणि त्यातूनही निसटलेले जंतू फुग्यांतल्या पहारेकरी पेशी गिळून टाकतात. शिवाय धडधाकट माणसाच्या तोंडातले जंतू तसे गरीब असतात.

आजारी माणसाच्या बाबतीत यातलं एकेक गळत जातं. मोठं आजारपण आलं की एक-दोन दिवसांतच तोंडातली वस्ती बदलू लागते. गरीब जंतू हटतात आणि क्लेब्सिएलासारखे दांडगे येऊन बसतात. अँटिबायोटिक चालू असेल तर हे आणखी लवकर होतं. दात घासलेले नसतात, तोंड कोरडं पडलेलं असतं. ऑपरेशनच्या टाक्यांमुळे खोकायला दुखतं, म्हणून माणूस खोकला दाबतो. दुखणं थांबवायच्या औषधांनी गुंगी येते. पाठीवर सपाट झोपलेलं असतं, त्यामुळे पोटातलं वर येऊन श्वासाच्या वाटेला लागतं. त्यात भर ॲसिडिटीच्या गोळीची. आपल्याकडे प्रिस्क्रिप्शनवर ती सवयीने लिहिली जाते, पण पोटातलं आम्ल जंतू मारायचं कामही करत असतं, आणि ते दाबल्यावर दाखल रुग्णांत न्यूमोनियाचा धोका वाढलेला दिसला आहे. ज्याला खरी गरज आहे त्याने ती घ्यावीच. पण 'गरज आहे का?' हे विचारायला हरकत नाही.

व्हेंटिलेटरची नळी आली की सगळंच बदलतं. त्या नळीच्या टोकाला एक फुगा असतो, श्वासनळी बंद ठेवणारा. घरच्यांना वाटतं, फुगा आहे म्हणजे आत काही जाणार नाही. प्रत्यक्षात फुग्याच्या वर लाळेचं डबकं साचतं आणि फुग्याच्या सुरकुत्यांतून थेंबथेंब खाली झिरपतं. शिवाय नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर बसतो, ज्यात अँटिबायोटिक धड पोहोचत नाही. म्हणून आयसीयूत रोज विचारायचा प्रश्न एकच: "आज ही नळी काढता येईल का?" चांगल्या आयसीयूत रोज सकाळी गुंगीचं औषध कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते पाहतात. नळी एक दिवस लवकर निघाली तर धोका एक दिवसाने कमी. लघवीची नळी आणि मानेतली सलाइनची लाइन यांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे इन्फेक्शन दुसऱ्या जागी होतं.

सर्वांना सारखाच धोका नसतो. मधुमेह ताब्यात नसेल तर पांढऱ्या पेशी असतात, पण सुस्त पडतात. अर्धांगवायूत गिळण्याचे स्नायू दगा देतात. कमी दिवसांच्या बाळांना प्रतिकारशक्ती आईकडून पुरेशी मिळालेलीच नसते. पण दोन गटांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण त्यांच्यात हा आजार फसवतो.

पहिला गट म्हाताऱ्या माणसांचा. ताप, खोकला, छातीत दुखणं ही पुस्तकातली लक्षणं ऐंशीच्या घरात येतीलच असं नाही. ताप नसतोच कधीकधी. आजोबा अचानक भलतंच बोलू लागतात, नातवाला भावाच्या नावाने हाक मारतात, दिवसभर झोपून राहतात, जेवण टाकतात. घरचे म्हणतात, "वय झालं, भ्रम होतोय." काल नीट बोलणारा माणूस आज गोंधळला असेल तर ते वय नव्हे. श्वास मोजा. छातीकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा, १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० श्वास हे ठीक. २४ च्या वर गेले तर सिस्टरना सांगा. ३० किंवा त्याहून जास्त असतील तर थांबू नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा दिसला तर तोही इशाराच. नेलपॉलिश लावलेलं असेल किंवा बोट गार पडलं असेल तर आकडा चुकतो, ते आधी पाहा.

दुसरा गट केमोथेरपी चालू असलेल्यांचा. परळला टाटा, केईएम आणि वाडिया ही रुग्णालयं चालत जायच्या अंतरावर आहेत, आणि देशभरातून आलेली माणसं त्या परिसरात महिनोन्महिने मुक्काम करून असतात. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, कोणी नातेवाइकांच्या चाळीत, कोणी फुटपाथवर. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळ गाठतात. एक्स-रेतला डाग हा बराचसा त्याच पेशींच्या गर्दीचा असतो. पेशीच नाहीत, तर डाग दिसणार कसा? त्यामुळे न्यूमोनिया असून एक्स-रे साफ येऊ शकतो आणि बेडकाही पडत नाही. हाती उरतो तो फक्त ताप. म्हणून केमोच्या रुग्णाला १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी गाठायची. अशा वेळी पहिलं अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं.

निदान करताना आमच्या लॅबकडे सगळे डोळे लावून बसतात, आणि बऱ्याचदा डबीत येते ती नुसती थुंकी. आम्ही आधी ती स्लाइडवर पाहतो. तोंडाच्या आतल्या चपट्या पेशी ढिगाने दिसल्या तर ते सॅम्पल फुफ्फुसातलं नाही, आम्ही नवं मागवतो. यात दोष रुग्णाचा नसतो, त्याला नीट सांगितलेलंच नसतं. साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे, मग छातीतून खाकरून जे येईल ते डबीत. सकाळचं पहिलं असेल तर उत्तम. आणि ती डबी खिडकीत तासन् तास ठेवायची नाही, लगेच खाली पाठवायची. शक्यतो अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. ज्यांना खाकरता येत नाही त्यांच्या नळीतून सॅम्पल ओढून घेतात.

स्लाइड रंगवायची पद्धत १८८४ ची आहे. हान्स क्रिस्टियन ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरने ती बर्लिनमध्ये शोधली, तीही न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुफ्फुसांत जंतू स्पष्ट दिसावेत म्हणून. आजही अर्ध्या तासात जांभळे की गुलाबी, गोल की लांबट एवढं ती सांगते, आणि त्यावरून अंदाज बांधता येतो. पक्कं उत्तर मात्र जंतू वाढवूनच मिळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जंतू वाढवायची प्लेट उघडली आणि त्यावर गुलाबी, ओलसर, फुगीर ठिपके दिसले, सुई लावून उचलल्यावर तार निघाली, की क्लेब्सिएलाची शंका येते. स्यूडोमोनस असेल तर झाकण काढल्याबरोबर द्राक्षासारखा गोडसर वास येतो आणि प्लेट हिरवट झालेली असते. मग त्या जंतूवर एकेक औषध लावून पाहायचं. या सगळ्याला दोन ते तीन दिवस जातात. मशीन आली तरी जंतू आपल्याच वेगाने वाढतात.

या दोन-तीन दिवसांत डॉक्टर हातावर हात ठेवून बसू शकत नाहीत. म्हणून ते आपल्या वॉर्डात नेहमी सापडणारे जंतू डोळ्यांसमोर ठेवून तगडं औषध सुरू करतात. रिपोर्ट आल्यावर बदलतात. नातेवाइकांना इथे शंका येते: "आधी चुकीचं दिलं होतं का? आणि आता महागाचं बंद करून स्वस्तातलं का?" तगड्यावरून साध्यावर येणं ही चांगली बातमी आहे. म्हणजे जंतू ओळखला गेला आणि त्याला साधं औषध पुरतंय. 'हायर अँटिबायोटिक' म्हणजे जास्त चांगलं औषध, ही समजूत आपल्याकडे फार पक्की बसली आहे. रुग्णालयातल्या न्यूमोनियाला बहुतेकदा सात दिवसांचा कोर्स पुरतो. चौदा दिवस दिलं म्हणून दुप्पट बरं वाटत नाही.

रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे 'एस' किंवा 'आर' असतं. 'एस' म्हणजे चालेल, 'आर' म्हणजे जंतू दाद देत नाही. वरपासून खालपर्यंत 'आर'ची रांग लागलेली पाहिली की आमच्याही पोटात गोळा येतो. मेरोपेनेमच्या गटातली अँटिबायोटिक्स एकेकाळी शेवटचा उपाय होती. ती फोडणारं एनडीएम-१ नावाचं द्रव्य बनवणारा क्लेब्सिएला २००८ मध्ये भारतीय वंशाच्या एका स्वीडिश रुग्णात सापडला. त्याच्यावर आधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून नावात न्यू दिल्ली आली आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. बदनामी की विज्ञान, हा वाद चालू राहिला. पण मुंबईतल्याच एका खाजगी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये छापलं की या गटाला दाद न देणाऱ्या, त्यांनी तपासलेल्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ होतं. नावावरून भांडण्यापेक्षा हा आकडा जास्त बोलका होता. मग डॉक्टर १९५० च्या दशकातल्या कोलिस्टिनकडे वळले. मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून बाजूला ठेवलेलं औषध परत काढावं लागलं. नवी औषधं आली आहेत, पण सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टमसारखं महागडं इंजेक्शनसुद्धा एनडीएमपुढे एकटं टिकत नाही, जोडीला अ‍ॅझट्रिओनाम लागतं. बिल कुठे जातं ते ज्यांनी भरलंय त्यांना विचारा.

ही वेळ केवळ रुग्णालयांनी आणलेली नाही. २०१४ पासून शेड्यूल एच-१ चा नियम लागू आहे. लिव्होफ्लॉक्ससिन, मेरोपेनेम अशी औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दिली तर रजिस्टरमध्ये नोंद करायची. पाकिटावरची उभी लाल रेघही त्यासाठीच. तरी "दोन दिवस खोकला आहे, काहीतरी स्ट्राँग द्या" हे वाक्य कोणत्याही नाक्यावरच्या केमिस्टकडे ऐकू येतं. यात मुंबईपुरता एक वेगळा धोका आहे. लिव्होफ्लॉक्ससिन टीबीवरही थोडं चालतं. टीबीच्या माणसाने ते पाच दिवस घेतलं तर खोकला तात्पुरता कमी होतो, बेडक्यात टीबी सापडत नाही, आणि निदान काही आठवडे पुढे ढकललं जातं. तोवर तो लोकलमधून ये-जा करत असतो.

आता टाळता काय येतं ते बघू. महापालिकेच्या वॉर्डात खाटा कमी, माणसं जास्त, कधी दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी. एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात ते तिथे एक रात्र काढलेल्याला सांगायला नको. वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) आणि मावशी (आया) धावतच असतात. त्यामुळे पुष्कळशी शुश्रूषा घरच्यांच्या हातात येते. ती नीट केली तर औषधाइतकीच कामाची असते.

हात आधी. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने इतर डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हापासून हे माहीत आहे आणि तेव्हापासून हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. सॅनिटायझर चोळायला २० ते ३० सेकंद, साबणाने धुवायला ४० ते ६० सेकंद. रुग्णाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर, दोन्ही वेळा. असिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो: खाटेची दांडी, मॉनिटरचं बटण, तुमचा मोबाइल. डॉक्टर हात न धुता आले तर सांगावं का? सांगावं. "सर, सॅनिटायझर इथे आहे," एवढं पुरतं.

दात घासा. सगळ्यात स्वस्त उपाय हा, आणि सगळ्यात दुर्लक्षितही. २०२३ च्या अखेरीस १५ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. ज्यांचे दात ब्रशने घासले जात होते त्यांच्यात रुग्णालयातला न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होता, आणि फायदा ठळक दिसला तो व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत. नळीवरच्या रुग्णाचं तोंड सिस्टरच साफ करतील, तिथे आपण हात घालायचा नाही. पण शुद्धीवरच्या आजींना मऊ ब्रशने दोन वेळा घासून द्या. कवळी असेल तर रात्री काढा आणि घासून ठेवा.

खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश वर. भरवताना तर नक्कीच, आणि नंतरही किमान अर्धा तास. भरवणं हा भाग मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो मायेपोटी होतो. घरून डब्यात पेज आलेली असते, रुग्ण अर्धवट झोपेत असतो, "दोन चमचे तरी घे गं" म्हणून तोंडात ओततात. अर्धांगवायू झालेल्याला गिळता येतं की नाही हे डॉक्टर किंवा थेरपिस्टने तपासल्याशिवाय पाणीसुद्धा देऊ नका. पाणी सगळ्यात सोपं वाटतं, पण पातळ असल्याने तेच आधी श्वासनळीत जातं, दाट पेज त्यामानाने बरी. पूर्ण जागं करून बसवा, हनुवटी जरा खाली, छोटा चमचा, आणि कंठमणी वर जाऊन खाली आलेला दिसल्यावरच पुढचा घास. ठसका लागला तर थांबा. ठसका लागत नाही पण गिळल्यावर आवाज ओलसर, घरघरता येतो, तरीही थांबा. तिथे न खोकताच आत जातंय. नाकातली नळी असली की हा धोका संपतो असंही नाही, तीतून दिलेलं सपाट झोपलेल्याच्या घशात परत येऊ शकतं.

ऑपरेशननंतर तीन रंगीत बॉलचं यंत्र देतात. निम्मे लोक त्यात फुंकर मारतात. बॉल वर जायला हवेत ते श्वास आत ओढून. फुंकून व्यायाम होत नाही. दर तासाला जागेपणी काही वेळा करा, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की खुर्चीत बसवा, चालवा. खुब्याच्या ऑपरेशनला दिवस ढकलू नयेत ते याचसाठी. भेटायला येणाऱ्यांची रांग मात्र घरीच थांबवा. सर्दी झालेला मामेभाऊ व्हिडिओ कॉलवर भेटला तरी चालतो.

लसीबद्दल एक गैरसमज असतो. न्यूमोकॉकसची लस क्लेब्सिएला किंवा असिनेटोबॅक्टरपासून वाचवत नाही. ती घरी होणारा न्यूमोनिया आणि त्यामुळे दाखल होण्याची वेळ कमी करते. रुग्णालयात जावंच लागलं नाही तर तिथले जंतूही गाठ घेत नाहीत, एवढा तिचा आडून फायदा. बाळांना ही लस २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात फुकट मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांची झाल्यावर. पुण्याच्या सीरमनेही ती बनवली आहे. ज्येष्ठांना, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असणाऱ्यांना ती स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते. कोणती आणि कधी, हे डॉक्टरांना विचारा. सोबत फ्लूची लस दरवर्षी, आणि मुंबईत ती पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी, कारण आपल्याकडे फ्लू पावसात उसळतो आणि त्याच्या मागून न्यूमोनिया येतो.

घरी सोडल्यावर नेब्युलायझरचा कप आणि मास्क प्रत्येक वापरानंतर धुऊन पूर्ण वाळवा. औषध पातळ करायला नळाचं पाणी नको, सलाइन वापरा. एक्स-रे आठवड्यात साफ झाला नाही म्हणून घाबरू नका. माणूस आधी बरा होतो, डाग मागाहून जातो, म्हाताऱ्यांत सहा आठवडे किंवा जास्तही लागतात. पण त्या मुदतीनंतरही डाग तिथेच असेल, वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर नवं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी बेडका टीबीसाठी तपासून घ्या. महापालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. आणि धूम्रपान करणारी व्यक्ती पन्नाशीच्या पुढची असेल, तर छातीचा सीटी स्कॅन हवा का, हेही त्याच भेटीत विचारा.